सत्तावीस जानेवारीचा झेंडा

रत्नागिरीत आमच्या घरमालकांच्या अंगणात झेंड्याचा खांब होता. पोफळीचं सरळसोट खोड, त्याला पांढरा ऑइलपेंट, वर कप्पी, कप्पीतून सोडलेली दोरी आणि खाली जांभ्या दगडाचा ओटा. सगळं होतं, फक्त झेंडा नव्हता. अठ्ठ्याण्णव साली मी खोली बघायला गेलो तेव्हा खांबाच्या टोकावर एक कावळा बसला होता. घरमालक खाली उभे राहून मान वर करून त्याला म्हणत होते, "बस बाबा, बस. तुला परवानगी आहे. आम्हांला नाही."

मी बँकेत कारकून. माणदेशातून बदली होऊन आलेलो, म्हणजे जिथे ढग दिसला तरी माणसं बाहेर येऊन बघतात अशा मुलखातून. आमच्या शाखेतले कॅशियर रत्नागिरीचेच. त्यांनी मला तिथे नेलं. वाटेत एवढंच म्हणाले, "माणूस चांगला हाय, पण काय विचारील त्याचा नेम नाय."

लग्न झालंय का, मासे खाता का, रात्री किती वाजता येता, असलं काही घरमालकांनी विचारलंच नाही. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "आपल्या झेंड्यावर जे चक्र आहे, त्याला आरे किती?"

मी बेधडक सांगितलं, "बत्तीस."

कॅशियरना खोकला आला. घरमालक शांतपणे म्हणाले, "बत्तीस दात असतात. तेही अक्कलदाढा आल्या असल्या तर. चक्राला चोवीस."

मग त्यांनी मागची खोली दाखवली, "बघून घ्या निवांत," म्हणाले आणि पुढच्या घरात निघून गेले. जाताना त्यांची लांब दांड्याची काळी छत्री कोपऱ्यात राहिली. ते दिसेनासे होताच मी कॅशियरना म्हणालो, "म्हातारा वेडा दिसतोय."

"छत्री विसरलो," दारातून आवाज आला.

ते आत आले, छत्री घेतली आणि मला नीट न्याहाळलं. माझे कान तापले होते. ते म्हणाले, "चरखा." मग जरा विचार करून म्हणाले, "राहा. भाडेकरू चरखा असला तरी चालतो."

ते रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, पाठीमागे झेंडेकाका. 'चरखा' म्हणजे काय, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंगणात उभं करून समजावलं. खिशातून रुमाल काढला, त्यावर पेन्सिलीने चरखा काढला आणि रुमाल उजेडात धरला.

"स्वातंत्र्याच्या आधी झेंड्यावर हा होता. आता झेंड्याला बाजू दोन. इकडून बघा, मोठं चाक उजवीकडे. आता पलीकडून या."

मी रुमालाला वळसा घालून पलीकडे गेलो. चाक डावीकडे.

"उलटा दिसतो की नाही? म्हणून त्यातलं चाक तेवढं ठेवलं. चक्र कुठल्याही बाजूने बघा, तेच ते. एवढी खोल गोष्ट आहे, आणि लोक पंधरा ऑगस्टला लाडू खाऊन घरी जातात! चरख्याचा अपमान करत नाही हो मी, सूत त्याच्यावरच निघतं. पण माणूस चरख्यासारखा नसावा. समोरून एक, मागून दुसरा."

त्यांनी सगळ्या रत्नागिरीची अशी वाटणी करून टाकली होती. कोपऱ्यावरचा किराणावाला चरखा. त्याचा भाऊ त्याहून मोठा चरखा. पोस्टमन मात्र चक्र, कारण तो लोकांची पोस्टकार्डं वाचायचा आणि वाचली असं तोंडावर सांगायचा. आणि माणूस ओळखायची त्यांची रीत एकच होती, छत्रीची. कोणाच्याही घरी जायचं, गप्पा मारायच्या, निघताना छत्री दाराआड ठेवून यायची. फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात आत जे काही बोललं जात असेल ते त्या घराची पलीकडची बाजू. त्यासाठी ऐन मे महिन्यातही छत्री त्यांच्या काखेत असायची. नवख्या माणसाला वाटायचं, मास्तर उन्हाला जपतात.

पंधरा ऑगस्टला तर ते अख्ख्या गावाला नको व्हायचे. भल्या पहाटे शाळेच्या काळातली लाकडी फूटपट्टी घेऊन निघायचे. लांबी तीन तर रुंदी दोन, हे प्रमाण त्यांना लांबूनही कळायचं. बाजारात एका कापडवाल्याने लावलेला झेंडा बघून ते भर रस्त्यात म्हणाले होते, "हा झेंडा नाही, टॉवेल आहे. खाली घ्या आणि अंग पुसा." मग दुपारी पिशवी घेऊन दुसरी फेरी, रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करायला. ऑगस्टमधला रत्नागिरीचा पाऊस तुम्हांला माहीत आहे. गटारातून, गाडीच्या चाकाखालून, चिखलातून ते एकेक झेंडा उचलायचे, घरी आणून धुवायचे आणि स्वयंपाकघरात वाळत मांडायचे. खराब झालेला झेंडा एकांतात, मानाने जाळावा असा नियम आहे. काकू म्हणायच्या, "मग न्हाणीतल्या बंबात घाला. मानाने जळतील आणि पाणीही तापेल." त्यावर काका दिवसभर बोलायचे नाहीत. काकू म्हणायच्या, बरं झालं.

काकूंविषयी सांगायला हवं. हेदवीच्या माहेरवाशीण. दशभुजा गणपतीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. उंचीने बेताच्या, आवाजाने नाही. दिवसातून निदान एकदा तरी त्या नवऱ्याला 'अर्धवट' म्हणायच्या आणि मग त्याच हाताने त्यांच्या ताटात मऊ भात वाढायच्या. झेंड्यातल्या रंगांचा अर्थ काका ओसरीवर मला सांगत असले, की आतून काकूंचा अर्थ यायचा.

"केशरी म्हणजे त्याग," काका म्हणायचे.

"हापूस," आतून.

"पांढरा म्हणजे सत्य, प्रकाश."

"भात."

"हिरवा म्हणजे आपलं या मातीशी असलेलं नातं."

"माडाची झावळ. वर आंबा, मधे भात, खाली झावळ. आणि चक्र म्हणजे आमच्या घरचा रहाट. आयुष्यभर फिरतेय मी."

काका कपाळाला हात लावायचे. पण मी एकदा त्यांना शेजारच्या पोरांना सांगताना ऐकलं, "हिरवा म्हणजे माती, झाडं... झावळसुद्धा म्हणू शकता."

आता तो रिकामा खांब. तेव्हाचा नियम असा, की सामान्य माणसाने आपल्या घरावर झेंडा लावायचा तर तो ठरावीक राष्ट्रीय दिवशीच. मी त्यांना विचारलं होतं, "मग पंधरा ऑगस्टला तरी लावा की. खांब तयार आहे."

ते ताडकन म्हणाले, "का? तो पाहुणा आहे का? सणाला यायचं, जेवायचं, संध्याकाळी जायचं? माझ्या घरात तो घरचा म्हणून येईल. नाहीतर येणार नाही."

तिकडे दिल्लीत कोर्टात याच गोष्टीवरून वर्षानुवर्षं कज्जा चालला होता. काका पेपरमधे रोज आधी ती बातमी शोधायचे. नसली की पेपर काकूंना द्यायचे. त्यांनी खादीचा एक झेंडा फार पूर्वीच घेऊन ठेवला होता. तो पेटीत, मलमलच्या कापडात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. काकूंचं म्हणणं, घरातल्या सगळ्या गोळ्या त्या पेटीत गेल्या म्हणून त्यांच्या शालूला कसर लागली. आणि दुसरं म्हणणं अधिक गंभीर होतं. माघातल्या गणपतीच्या उत्सवाला त्या कित्येक वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या. एकट्या जायच्या नाहीत, आणि काका रत्नागिरी सोडायचे नाहीत.

"निकाल लागला आणि मी हेदवीला असलो तर?" काका विचारायचे.

"तर काय, दिल्लीचं कोर्ट उठून घरी येणार आहे काय तुमच्या?" काकू म्हणायच्या.

आणि मग दोन हजार दोनच्या जानेवारीत बातमी आली. सव्वीस तारखेपासून कोणत्याही नागरिकाला कोणत्याही दिवशी मानाने झेंडा लावायची मुभा. काकांनी ती बातमी उभ्याने वाचली, मग बसून वाचली, मग मला मोठ्याने वाचायला लावली. डोळे पुसले. पेपरची घडी घातली, अंगणात गेले आणि वर बघून कावळ्याला म्हणाले, "ऊठ. तुझी मुदत संपली."

मी म्हणालो, "चला, आता सव्वीसला धुमधडाक्यात."

"सव्वीसला?" ते माझ्याकडे किराणावाल्याकडे बघावं तसे बघू लागले. "सव्वीसला परवानगी होतीच की! त्या दिवशी कोणीही लावतो. नवीन काय मिळालंय? सत्तावीस! साधा, बिनमहत्त्वाचा, बिनसुट्टीचा दिवस."

"सत्तावीसला रविवार आहे, काका."

"असू दे. बिनसुट्टीचा नसला तरी बिनमहत्त्वाचा आहे."

पण एक अडचण होती. झेंडा फडकवायचा तर प्रमुख पाहुणा हवा. काकांनी सगळी नोकरी झेंडा बांधण्यात घालवली होती. शाळेत झेंड्याची घडी घालणं, गाठ मारणं, दोरी ओवणं ही कामं ड्रॉइंग मास्तरांची. दोरी ओढायला मात्र दुसराच कोणी यायचा, हार घालून घ्यायचा, भाषण करायचा. काकांनी बांधलेली गाठ कधी अडकली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान. फक्त एकदा पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांच्या हट्टापायी घडीत पाकळ्या घातल्या होत्या. पावसाने त्यांचा गोळा झाला आणि तो अख्खा प्रमुख पाहुण्यांच्या टकलावर आपटला. पाहुण्यांनी आधी वर कावळा शोधला. तेव्हापासून पाकळ्या बंद. "नियमात पाकळ्यांना बंदी नाही," काका सांगायचे, "पण माझी आहे."

तर हा पाहुणा कसा हवा? अर्थातच, दोन्ही बाजूंनी सारखा. आधीच्या सगळ्या पाहुण्यांना त्यांनी मागच्या बाजूने पाहिलं होतं. "प्रत्येक वेळी मी झेंडा बांधला, आणि चरख्याने ओढला," ते म्हणाले. "माझ्या घरचा तरी नको."

शोध सुरू झाला. काखेत छत्री, आणि साक्षीदार म्हणून मी.

पहिले त्यांच्याच शाळेचे नवे हेडमास्तर. ते फार भारावले. "माझं भाग्य!" म्हणाले. आम्ही निघालो, फाटकापाशी थांबलो, छत्रीसाठी परत गेलो. आत हेडमास्तर कारकुनाला सांगत होते, "सत्तावीस तारखेला सकाळी मला ताप येणार आहे. विसरू नका."

काकांनी छत्री उचलली आणि म्हणाले, "काळजी घ्या हो. ताप वाईट."

दुसरे एक डॉक्टर. त्यांना छत्रीची युक्ती ठाऊक होती. खरं म्हणजे एव्हाना ती सगळ्या गावाला ठाऊक होती, फक्त काकांना ते ठाऊक नव्हतं. त्या दिवशी काका गडबडीत छत्री घेऊनच निघाले. पण डॉक्टरांनी ते पाहिलं नव्हतं. आमची पाठ वळताच ते कंपाउंडरला ओरडून सांगू लागले, "काय थोर माणूस! काय देशप्रेम!" कोणी परत येईना म्हणून आवाज आणखी चढवला. आम्ही रस्त्यापर्यंत पोचलो तरी 'थोर माणूस' ऐकू येत होता. बाकावरचे पेशंट उठून आत डोकावायला लागले.

काका रस्त्यात थांबले. "हे काय प्रकरण आहे?"

मी नाइलाजाने सांगून टाकलं, की छत्रीचं गुपित आता गुपित नाही. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे गेल्या काही वर्षांत मला जी चक्रं सापडली, त्यातली..."

मी मान खाली घातली.

"तरी म्हटलं, गाव सुधारलं कसं?"

तिसरे पावसचे एक आंबा बागायतदार. ते गावाबाहेरचे, त्यामुळे काकांना आशा होती. आम्ही एसटीने गेलो. बागायतदार मोहोराकडे बघत उभे होते. काकांनी सगळा इतिहास सांगितला, चरखा, चक्र, कोर्ट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सत्तावीसला जमायचं नाय. तुडतुडे पडलेत, फवारणी हाय."

आम्ही निघालो, छत्रीसाठी परतलो. ते गड्याला सांगत होते, "सत्तावीसला झेंड्याला बोलावतायत. कसं जमणार? तुडतुडे पडलेत, फवारणी हाय."

परतीच्या एसटीत काका खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "काय माणूस आहे! दोन्ही बाजूंनी सारखा." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि दोन्ही बाजूंनी नाही म्हणाला."

मी म्हणालो, "काका, तुमचा झेंडा, तुमचा खांब. तुम्हीच ओढा ना दोरी."

"मी बांधणारा," ते म्हणाले. "आणि बँकवाले, मी चक्र आहे की चरखा, ते मला कसं कळणार? मी माझ्या पाठीमागे कधी गेलोच नाही."

मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. एवढी वर्षं वाट पाहिलेला माणूस आणि आता दिवस उजाडला तर दोरी ओढायला कोणी नाही. गावातली माणसं काही वाईट नव्हती हो. झेंडेकाकांची थट्टा करण्यात वाढलेली होती, एवढंच.

सव्वीस तारखेला शाळेतलं झेंडावंदन करून काका घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. मी मागच्या दाराशी पोहे खात होतो. पुढे काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं.

"पेटी वर ठेवून देतो," काका म्हणाले. "पाहुणा नाही. उद्याचं रद्द."

तवा आपटल्याचा आवाज आला. काकू बाहेर गेल्या. "पाहुणा नाही म्हणून झेंडा नाही? अर्धवट आहात तुम्ही, अगदी अर्धवट! झेंड्यापायी मला माहेर दिसलं नाही, शालूला भोक पडलं, गावभर हसं झालं. आणि आता लावायची वेळ आली तर पेटी वर? उद्या झेंडा लागला नाही तर तुम्हांला घास जायचा नाही, आणि मग मलाही जायचा नाही."

काका उठले आणि पायात चपला अडकवून रस्त्याला लागले. काकू तणतणत आत आल्या. मी पोह्यांची बशी सांभाळून धरली.

"बघितलंत बँकवाले? अर्धवट आहेत, अगदी अर्धवट! झेंड्यापायी मला माहेर दिसलं नाही, शालूला भोक पडलं, गावभर हसं झालं. आणि आता लावायची वेळ आली तर पेटी वर. उद्या झेंडा लागला नाही तर त्यांना घास जायचा नाही, आणि मग मलाही जायचा नाही."

दारात काका उभे होते. या खेपेला ते छत्री खरोखरच विसरले होते.

मला वाटलं, आता भांडण होणार. पण काका कितीतरी वेळ काकूंकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "परत बोल."

"काय?"

"आत्ता बोललीस ते."

"शंभरदा बोलेन. मी काय भिते? अर्धवट आहात, अगदी अर्धवट! झेंड्यापायी मला माहेर..."

"शब्द न् शब्द तोच!" काका माझा दंड धरून हलवू लागले. पोहे सांडले. "ऐकलंत बँकवाले? समोरून तेच, मागून तेच! चक्र हो, चक्र! एवढी वर्षं माझ्या घरात रहाट ओढतंय, आणि मी पावसला जाऊन तुडतुडे ऐकतोय!"

काकूंना काही कळेना. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी आमच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुण्या म्हणून यावं, ही विनंती."

"मी? उद्या मला डोक्यावरून न्हायचंय."

"न्हाऊन या."

काकू पदराशी चाळा करू लागल्या. त्यांना असं गप्प झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण ते फार टिकलं नाही. "येईन," त्या म्हणाल्या, "पण माघी उत्सवाला माझ्याबरोबर हेदवीला यायचं."

काकांचा चेहरा कसनुसा झाला. "आणि सूर्यास्ताला झेंडा कोण उतरवणार?"

काकूंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

सत्तावीस तारखेला उजाडता उजाडता अंगणात गल्लीतली माणसं जमली. पोस्टमन आला, कॅशियर आले, किराणावाले दोघे भाऊ आले. हेडमास्तरांना खरंच ताप आला होता म्हणे. काकांनी लग्नातला कोट घातला होता. काकू तोच शालू नेसून आल्या आणि आल्या आल्या सगळ्या बायकांना त्याचं भोक दाखवलं. काकांनी शाळेतल्यासारखा आवाज लावून सांगितलं, की आजच्या प्रमुख पाहुण्यांची निवड फार कडक चाचणीनंतर झालेली आहे. मग शाल आणि नारळ देऊन सत्कार. काकू म्हणाल्या, "शाल माझ्याच कपाटातली आहे, आणि नारळ मागच्या माडाचा. उगाच कोणाचा गैरसमज नको."

त्या ओट्यावर चढल्या आणि दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. वर गाठ तशीच. काकांच्या कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत न अडकलेली गाठ आपल्याच दारात अडकते की काय, या भीतीने त्यांनी ती जरा जास्तच जपून बांधली होती. किराणावाला भावाच्या कानात काहीतरी कुजबुजला. काका खालून पुटपुटले, "हिसका नको. विहिरीतून कळशी काढतेस तशी ओढ."

काकूंनी पदर खोचला आणि कळशी काढली.

झेंडा उलगडला आणि त्यातून अबोलीची फुलं खाली आली. पसाभर नव्हे, ओंजळभरही नव्हे, सूपभर असावीत. काकूंच्या ओल्या केसांवर, खांद्यावर, शालूच्या भोकावर, सगळीकडे अबोली. पाकळ्यांना बंदी घातलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने ती घडीत भरली होती. आम्ही राष्ट्रगीत म्हटलं. काकू ताठ उभ्या होत्या. नाकावर एक फूल बसलं होतं, पण त्यांनी हात हलवला नाही. काका वर बघत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मलाही पुढचं नीट दिसत नव्हतं.

'जय हे' संपलं आणि पुढच्याच क्षणी काकू वळल्या. "अहो! माझ्या कुंड्या ओरबाडल्यात ना? सगळी अबोली? आणि हा केर आता कोण काढणार?"

"बघा! चारचौघांत तोंडावर!" काका आनंदाने ओरडले. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळं अंगण हसलं. किराणावालेही हसले, आणि या वेळी काकांच्या समोर हसले. काकूंना दोन शब्द बोलायची विनंती झाली. त्या दोनच शब्द बोलल्या, "चहा झालाय."

त्या दिवशी काका सूर्यास्तापर्यंत झेंड्याखाली खुर्ची टाकून बसून होते. केर त्यांनीच काढला.

पुढे झेंडा घरचा झाला, आणि घरच्या माणसासारखा तापही देऊ लागला. पावसाळ्यात एक ओला, एक दमट आणि एक वाळलेला असे तीन झेंडे पाळीपाळीने चालायचे. स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी वेगळी दोरी बांधली होती. त्या दोरीवर दुसरं काही टाकायचं नाही म्हणून काकूंची लुगडी माझ्या खोलीत वाळायची. माघी उत्सवाला ती दोघं हेदवीला गेली, आणि मग दरवर्षीच जाऊ लागली. त्या दिवसांत मी संध्याकाळी बँकेतून पळत सुटायचो. आमचे मॅनेजर काउंटरवरच्या लोकांना सांगायचे, "त्यांना थांबवू नका, त्यांना सूर्य मावळायच्या आत पोचायचंय." हेदवीहून परतल्यावर काका आधी झेंड्याची घडी तपासायचे, मग माझी चौकशी करायचे.

काही वर्षांनी माझी माणदेशात परत बदली झाली. सामान बांधून झालं होतं. हातखंब्याला गाडी गाठायची होती. न्यायला कॅशियर आले होते, तेच, पहिल्या दिवशीचे. काका निरोप द्यायला खोलीत आले. मी वाकून नमस्कार केला आणि मनात होतं ते बोललो, "काका, तुम्ही वेडे आहात. तुमच्यासारखा वेडा माणूस मला परत भेटायचा नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि गेले. कोपऱ्यात छत्री होती.

मी कॅशियरना खूण केली, गप्प. आता परत येणार. पहिल्या दिवसाची परतफेड करायची ही माझी संधी होती. दाराकडे तोंड करून मी चांगलं मोठ्याने म्हणालो, "म्हातारा वेडा आहे हो. असा वेडा माणूस मला परत भेटायचा नाही." आणि वाट बघत उभा राहिलो. 'चक्र' हा शब्द एकदा माझ्यासाठी ऐकायचा होता.

कोणी आलं नाही. मी आणखी थोडा थांबलो. कॅशियर घड्याळ बघू लागले. शेवटी छत्री घेऊन मी पुढच्या अंगणात गेलो. काका झेंड्याखाली खुर्चीत बसले होते, माझ्याकडे पाठ करून. काकू ओसरीवर उभ्या होत्या.

"काकांची छत्री राहिली," मी म्हणालो.

"राहिली नाही," काकू म्हणाल्या. "तुम्हांला ठेवलीय. मी म्हटलं त्यांना, जाऊन ऐका तरी काय बोलतो ते. तर म्हणाले, त्याचं ऐकायची गरज नाही."

आमच्या मुलखात पाऊस नाही. ती छत्री मी उन्हात वापरतो, आणि कोणाच्याही घरी अजून विसरलेलो नाही.